म्हशीपुरता काढलेला काळा चष्मा

कोडाच्या डागांवर उजेडाचे उपचार घ्यायला त्या मावशी कसबा बावड्याहून यायच्या. मी सोरायसिसचा. दर मंगळवारी त्वचेच्या दवाखान्यात आमचा बाक एकच. त्यांच्या कपाळावर, गालांवर पांढरे डाग होते, पण पदर कधी पुढे ओढलेला दिसला नाही. आवाज तर रस्त्यापर्यंत जायचा.

या उपचाराआधी घ्यायच्या गोळीने डोळे नाजूक होतात. "मावशी, दिवसभर काळा चष्मा काढायचा नाही. ऊन लागून मोतीबिंदू होईल," नर्सने पुन्हा बजावलं.

"धारंला बसताना काढाय लागतोय की! चष्मा बघून म्हस बिचकती. पान्हाच सोडत न्हाय."

नर्सने कपाळाला हात लावला. "मग करता काय?"

"डोळं गच्च मिटून धार काढतो."

मला हसू आलं. काय हट्टी बाई! आत जाताना त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "पावणं, तोंडावर डाग उठलं तवा घरची माणसंबी बिचकली. ही म्हस तेवढी न्हाय बिचकली. आता चष्मा घालून तिलाच बिचकवू व्हय?"