भाड्याचा रकाना

काल घरभाड्याची पाहणी करणाऱ्या एक बाई दारात आल्या. "भाडं किती देता?" त्यांनी विचारलं. खाली अंगणात मालक झाडांना पाणी घालत होते, पण कान आमच्याकडेच. मी मुकाट्याने करारातला आकडा सांगितला. त्याशिवाय दर महिन्याला मालकांच्या हातात ठेवावी लागणारी रोकड, दर अकरा महिन्यांनी घर सोडावं लागेल ही धास्ती, भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हणून ट्रंकेत पडलेला वडिलांचा फोटो, यांना त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. उद्या कुणी साहेब हे आकडे वाचून खुशाल म्हणेल, इथे राहणं किती स्वस्त!

आकडा लिहून बाई हळूच म्हणाल्या, "मीही भाड्यानेच राहते. माझ्याकडे पाहणीला आले होते, तेव्हा मीही करारातलाच आकडा सांगितला."