मला होडी समज आणि ओढ!

बायांनो, आज या वयात मी होडीच्या ट्रेलरवर बसून फिरले!

आमचं गाव शिरोळकडं, कृष्णेकाठी. पूर आला की माणसं काढायला आमचीच होडी पहिली निघती. ती पाण्यापर्यंत ओढत नेऊन पोरांचे खांदे गेले, म्हणून माझा लेक सुभाष मला घेऊन कोल्हापुरात ट्रेलर बघायला गेलता. एक नवा चकचकीत, एक वापरलेला, रंग उडालेला. सुभाषचं मन नव्यावर.

मला आठवली आमची बैलगाडी. माझे मालक गाडीत होडीखाली माझ्या माहेरची वाकळ अंथरायचे. सासूबाई ओरडायच्या, "सुनंला पांघराय न्हाय आणि होडीला वाकळ व्हय रं?"

मालक म्हणायचे, "हादरे बसून होडी चिरली, तर पुरात सून कशात बसंल?"

मग मीच ट्रेलरवर चढले. म्हटलं, "सुभाष, मला होडी समज आणि ओढ."

विकणारे हसले, "आज्जी, पडशीला की!"

"पावणं, होडीला हादरं बसलं तर ती बोलत न्हाय. मी बोलती."

नव्यावर हाडं खिळखिळी झाली. जुन्याचे स्प्रिंगचे पाटे वापरून मऊ झालेले, मला डुलकीच येत हुती. सुभाषनं हसत जुना घेतला.

घरी आल्या आल्या ट्रंकेतली तीच वाकळ काढून ट्रेलरच्या फळ्यांवर अंथरली. आता सुनंला सांगितलंय, पुरात होडीत पहिली तू बसायचं.

तुमच्याकडं कुणाची जुनी वाकळ अजून कामावर हाय, सांगा की!