सोन्याच्या डबीवरचं पाणी

सकाळी भाजी घेऊन परतताना कोपऱ्यावरच्या टपरीपाशी एका म्हाताऱ्यानं तपकिरीची पुडी फोडली आणि तो तिखट, कोरडा वास थेट माझ्या नाकात शिरला. शिंक आलीच. सुरतेत तपकिरीला छींकणी म्हणतात. नाव अगदी रास्त आहे. हल्ली ती ओढणारी माणसं क्वचितच दिसतात. मला मात्र या वासाबरोबर हटकून एक सोन्याची डबी आठवते, आणि ती पदराआड धरून सुरतेतल्या आमच्या कतारगामच्या खोलीत आलेल्या एक वृद्ध गुजराती आजी, बा.

माझे वडील सोन्यावर नक्षी कोरत. खानदेशातून सुरतेला आलेले आमचे बहुतेक नातलग कापडाच्या लूमवर कामाला लागले. वडिलांच्या हातात घरचा सोनारकीचा धंदा होता, म्हणून ते खिडकीखाली मेज टाकून सराफांच्या पाटल्यांवर वेलबुट्टी काढत बसत. बा जुन्या सुरतेतल्या खानदानी घरातल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. रुमालाची गाठ सोडून त्यांनी डबी मेजावर ठेवली. तळहातात मावेलशी, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. सासरच्या कुणा पूर्वजाला बंदरावरच्या व्यापारात एका गोऱ्या साहेबाकडून ती मिळाली होती म्हणे.

झाकणावर एक तळं कोरलं होतं. काठावर झाडं, दोन-तीन कुत्री, आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक विवस्त्र स्त्री. झाडाआडून एक शिकारी तिच्याकडे बघतोय आणि त्याच्या डोक्यावर हरणाची शिंगं फुटू लागली आहेत. पुढे शिकले तेव्हा कळलं, की ही ग्रीक पुराणातली गोष्ट. वनदेवीला स्नान करताना पाहिलं म्हणून तिनं त्याला हरीण करून टाकलं, आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याचा फडशा पाडला. तेव्हा आमच्या घरात यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

"भाई, आने साडी पहेरावी आपो," बा म्हणाल्या. हिला साडी नेसवून द्या.

वडील बराच वेळ डबी उजेडात फिरवत राहिले. मग त्यांच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाले, "बा, कुणीतरी जीव ओतून केलंय हे. असं काम आता होत नाही. मी त्यावर कोरायची कलम चालवली तर ते कायमचं जाईल."

बा रागावल्या नाहीत. खाली बघत सांगू लागल्या. यजमानांची बैठक भरली, की ही डबी हातोहात फिरायची. पुरुष झाकण बघून हसायचे. त्याच वेळी बांना चहा घेऊन आत जावं लागे. "सगळे आधी हिच्याकडे बघायचे," त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडे. नवी नवरी होते तेव्हापासून." मग त्यांनी शिकाऱ्यावर बोट ठेवलं. "या मेल्या मुआला शिंगं आली ते बरंच झालं."

डबी विकून टाका, असं कुणीही सुचवलं असतं. पण ती यजमानांची होती, त्यांच्या रोजच्या हातातली होती, आणि बांना ती हवी होती.

त्या गेल्यावर वडील आईला आमच्या अहिराणीत म्हणाले, हे माझ्या हातून व्हायचं नाही: "हाई काम मना हातनं व्हवाव नही." आई पोळ्या लाटत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "करी द्या," ती म्हणाली. "तिना जीवले बरं वाटी."

वडिलांनी साडी नाही कोरली. त्यांनी तळ्याचं पाणी वर चढवलं. लाटेवर लाट, केसाएवढ्या बारीक रेघांची, पार त्या बाईच्या गळ्यापर्यंत. शेवटी पाण्याबाहेर राहिला तो फक्त तिचा चेहरा. शिकारी आणि शिंगं तशीच ठेवली. बा आल्या तेव्हा त्यांनी अंगठा त्या लाटांवरून हळूच फिरवला आणि वडिलांच्या मेजाला हात लावून नमस्कार केला.

काही दिवसांनी बांचा मुलगा तणतणत आला. "एवढी जुनी चीज! बिगाडून टाकली तुम्ही!" वडील उठून उभे राहिले. त्यांनाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात मागून बा जिना चढून आल्या, धापा टाकत. "मीच सांगितलं होतं," त्या मुलाला म्हणाल्या. "डबी माझी आहे. चल घरी."

पुढे एकदा वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले. बा दिवाणखान्याच्या मधोमध झोपाळ्यावर बसल्या होत्या. मुलाचे व्यापारी पाहुणे समोर होते. बांनी सगळ्यांदेखत ती डबी उघडली, चिमूटभर छींकणी ओढली, दणदणीत शिंकल्या आणि डबी शेजारच्या पाहुण्यापुढे धरली. तो झाकण न्याहाळू लागला. बा त्याच्याकडे सरळ बघत राहिल्या.

त्या जाऊन आता बराच काळ लोटला. डबी परदेशी असलेल्या नातीकडे गेली, एवढंच ऐकलं. कधीतरी ती एखाद्या जाणकाराच्या हाती पडेल आणि तो भिंगातून पाहून म्हणेल, की या लाटा मूळच्या नव्हेत, नंतर कुणीतरी चांगल्या कामाची नासाडी केली आहे. त्याचं म्हणणं खरंच असेल. सोन्यावर जे कोरलं गेलं ते टिकतं. ते कोरण्याआधी एखादी बाई त्या खोलीत किती वर्षं मान खाली घालून चहा देत होती, ते कुठेच उमटत नाही. वडिलांनी त्यानंतर कुणाच्याही जुन्या कामावर कलम चालवली नाही. आणि झोपाळ्यावरच्या बांना पाहून आल्यावर त्या लाटांबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलंही मी पाहिलं नाही.