तुळशीरामची न पाठवलेली नोंद

तुळशीराम गेल्याचं मला कंपनीच्या ग्रुपवर कळलं. मालकानं दोन जोडलेले हात आणि एक फूल टाकलं, आणि तासाभरात खाली विचारलं, 'त्याचं काम आता कोण पाहतंय?' थू! हार्ट अटॅकनं गेलेला माणूस अजून एकोडी गावातल्या घरी अंगणात ठेवलेला होता, आणि यांना कामाची पडली होती.

तो एकोडीत बसून आणि मी वरठीत बसून, दोघं मिळून तलावाच्या पाणीवाटपाचा प्रोग्राम लिहायचो. कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी सोडायचं ते हा प्रोग्राम सांगतो. दोघांच्या कामाचा मेळ गिट नावाचं सॉफ्टवेअर घालायचं. कोणी काय बदललं, कधी आणि काहून, म्हणजे कशासाठी, त्याची नोंद त्यात राहते. शिवाय ज्याच्याकडे कामाची प्रत, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या, तर ते दोघांची शेवटची सारखी प्रत पाहून आपणच जोडून टाकतं. एकच ओळ दोघांनी बदलली की मात्र थांबतं, दोन्ही समोर मांडतं... ठरवा तुमचं तुम्ही. अशा वेळी लोक आपली ओळ ठेवतात, दुसऱ्याची उडवतात आणि चहाला जातात. मीही तसलाच. तुळशीराम मात्र फोन करायचा. "तू काहून बदलवलं, सांग मले. समजल्याबिगर मी हात नाही लावत." मी वैतागायचो, "अबे, एका ओळीसाठी कायले डोकं खाऊन राहिला? ठेव ना तुझी!" तो शांतपणे म्हणायचा, "ठेवीन. पण आधी सांग."

आमचं शेवटचं भांडणही एका ओळीवरच झालं. पहिलं पाणी कोणाला? तो म्हणे, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, टोकावरच्याला. मी म्हणे, ज्याच्या धानाची रोवणी उशिरा झाली त्याला. दोन दिवस जुंपली होती. "आयकून तर घे, रमेश," तो म्हणत होता आणि मी फोन कापला. त्यानंतर बोलणं झालंच नाही.

तेरवीही झाली नव्हती, तर मालकाचा फोन. "गिऱ्हाइकाला दाखवायचंय. जुन्या नोंदी दाबून एक करा, नाव कंपनीचं टाका." म्हणजे तुळशीरामच्या नऊ वर्षांच्या नोंदी, त्यातला प्रत्येक 'काहून', सगळं साफ. आणि मी काय केलं? "हो सर" म्हटलं आणि दोन मिनिटांत पुसलं. पुढं शोकसभेत मालक रुमाल काढून म्हणाला, "तुळशीराम आमचा कणा होता." त्याची किळस आलीच, पण त्याच्या बाजूच्या खुर्चीवर मान हलवत बसलेल्या माझी जास्त आली.

परवा एकोडीला गेलो. धानाच्या कोठीजवळ त्याचा कॉम्प्युटर टॉवेल झाकून ठेवला होता. "भाऊजी, इकून टाकू का हे?" त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनीनं, विचारलं. "आता कोणाच्या कामाचं?" मी सुरू केला. सगळं तसंच होतं, पहिल्या दिवसापासून, त्याच्या नावानं. आणि सगळ्यात वर, आमच्या भांडणानंतरची, पाठवायची राहून गेलेली एक नोंद: 'एकोडीतल्या चार जणांना विचारलं. रमेशचं बरोबर आहे. माझं काढलं.'

वहिनी चहा ठेवून गेली, त्यावर साय आली. शेवटी मी तिला सरळ सांगितलं, "वहिनी, कंपनीतून तुळशीचं नाव मी पुसलं. या हातानं."

ती म्हणाली, "याच्यात हाय ना? मंग टाका परत."

मोबाइलचं नेट जोडलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून सगळा इतिहास परत कंपनीच्या जागी चढवला, त्याच्या शेवटच्या नोंदीसकट. मग मालकाला फोन लावला.

"सर, मी बदलवलं आहे," म्हटलं. "आता विचारा, काहून."