तुर्की कुत्र्याची सोयरीक: मारुंजी ते मुळशी

मागच्या रविवारी घरमालक अप्पा मला कुत्रं बघायला घेऊन गेले. मी लातूरचा, हिंजवडीत कोडिंग करतो आणि मारुंजीत अप्पांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. कांगालचा किडा त्यांच्या डोक्यात मीच सोडला होता. नेटवरचे फोटो दाखवले आणि म्हणालो, हा तुर्की धनगरांचा कुत्रा, लांडग्याला पुरून उरतो. अप्पांच्या डोंगराकडच्या गोठ्यातून बिबट्याने दोन वासरं नेली होती, ते लगेच पेटले. येताना भुकूमला अप्पांच्या मेहुण्याकडे, म्हणजे घरमालकीण काकूंच्या भावाकडे थांबायचं आणि त्यांच्या मुलीची अप्पांच्या धाकट्या मुलासाठी बोलणी पक्की करायची, हेही ठरलं.

बाइकने जाणार असाल तर घोटावड्याचा रस्ता हाडं मोजून घेतो. पौडला मिसळ खाऊन घ्या. पुढे फार्महाउसवाले पाहुण्यांना फक्त सरबत देतात.

मुळशी धरणाच्या काठावर मुंबईच्या एका साहेबांकडे कांगालची जोडी होती. वाळल्या गवताचा रंग, तोंडावर काळा मुखवटा, लोंबते कान, पाठीवर वेटोळी शेपूट, उंची माझ्या कमरेला. अंगावर बर्फासाठीचे दुहेरी केस, त्यामुळे बिचारा नर कूलरसमोर पडून होता. म्हणजे बिबट्याने लाइट गेल्यावरच यायचं, असं मी म्हणालो. साहेब हसले नाहीत.

अप्पांनी मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी केली. आई कुठली, बाप कुठला, घराणं कोणतं. साहेबांनी अभिमानाने सांगितलं की दोघं एकाच वेतातली सख्खी भावंडं, रक्त एकदम शुद्ध. मग मी ज्ञान पाजळलं. तिकडचे धनगर काम बघून जोड्या लावतात, गावोगावचं रक्त मिसळतं, म्हणून दिसायला सारखी असली तरी ती कुत्री आतून वेगवेगळी असतात. एकाच घरात जोडी लावली की लपलेले दोष दोन्हीकडून येऊन भेटतात.

त्या जोडीची पाच पिल्लं अंगणात होती; अप्पांनी त्यांच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. चार वळली. पाचवं भिंतीकडे बघत शेपूट हलवत राहिलं. साहेब म्हणाले, ते जरा स्लो आहे.

अप्पा खाली बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. त्यांच्या थोरल्या मुलीला, सुमनला, जन्मापासून ऐकू येत नाही. काकू त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या, पण मी त्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली.

"मामाची पोर चालती आमच्यात," अप्पा म्हणाले. "तू म्हणलास ते माणसाला बी लागू हाय का?"

मी म्हणालो, दर वेळी होतंच असं नाही, पण शक्यता वाढते.

पिल्लू न घेताच निघालो. भुकूमला पोहे आले, मुलगी नमस्कार करून गेली. अप्पा मेहुण्याला म्हणाले, "पोरीत काय खोट न्हाई. पर रक्त एकच हाय आपलं. तिला लांबचं घर बघू, मी बी हिंडतो तुमच्यासंगं."

मेहुणे आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले नाहीत.

घरी काकू चिडल्या, माझ्या माहेरचा अपमान केला म्हणाल्या. अप्पांनी कारण सांगितलं तेव्हा उठून आत गेल्या. संध्याकाळी जिना चढून माझ्या खोलीत आल्या.

"तू शिकलेला हायेस. सुमीचं आमच्यामुळं झालं का?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी "नाही" म्हणालो, अगदी ठामपणे. त्या दिवशी मी बरंच काही बोललो, त्यातला हा एकच शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही.