झाकणावरचा थेंब

"थेंब वाळू दे, मग बोलू."

पाणी कुठलंही असो, मामांचं हे ठरलेलं. जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण शर्टाच्या टोकानं लख्ख पुसायचं, बोट बुडवून त्यावर पाण्याचा एकच थेंब सोडायचा आणि झाकण कट्ट्यावर उन्हात ठेवून शेजारी उकिडवं बसायचं. थेंब वाळल्यावर झाकण होतं तसंच राहिलं तर पाणी पास. पांढरं कडं उमटलं तर नापास. तोवर तुम्ही कितीही हुशारीचं बोला, मामा ऐकणार नाहीत.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्यांचेच मामा. शहराच्या टोकाला जखमी जनावरांचं एक छोटं उपचार केंद्र आहे, तिथं ते देखभालीला होते. फुलंब्रीकडच्या एका गावातून रोज बसनं यायचे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीच्या दिवशी तिथं मदतीला जायचो. डिग्री हातात यायची होती, पण मामांनी मला पहिल्याच दिवशी "इंजिनेर" करून टाकलं होतं.

ती दुष्काळाची वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. प्लॉटिंगसाठी झुडपं उपटायची, आणि त्यात राहणारी जनावरं जखमी होऊन आमच्याकडं यायची. अशीच एक घोयऱ्याची मादी आली. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा सरडा. जेसीबीखाली तिचा मागचा पाय सापडला होता. मामा तिला "बाई" म्हणायचे.

घोयऱ्याची एक गंमत तुम्हाला माहितीये का? वाटीत पाणी ठेवलं तर ढुंकून बघत नाही. पानावर थेंब चमकला पाहिजे, तोच चाटणार. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा पिंजऱ्यातल्या पानांवर बारीक फवारा मारावा लागतो. आणि पाणी खारट, जड असलं तर थेंब वाळून पानावर क्षार साठत जातात, मग बाई थेंबाबरोबर तेच चाटते. मामांना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना ते झाकणाकडं बघून कळायचं.

केंद्राची बोअर नापास. टँकर कधी पास, कधी नापास. एकदा एक जारवाला आला, म्हणाला शंभर टक्के फिल्टरचं पाणी आहे. मामांनी थेंब सोडला. तो हसत उभा राहिला. दहा मिनिटांनी झाकणावर छान गोल कडं उमटलं. मामा म्हणाले, "घ्या. फिल्टरनं सही केली तुमच्या." तो जार घेऊन गेला तो परत आला नाही.

शेवटी मामा गावाकडूनच पाणी आणायला लागले. त्यांच्या गावात पाण्याचं एटीएम होतं, कार्ड लावलं की शुद्ध पाणी देणारं मशीन, तिथलं पाणी झाकणाला लागायचंच नाही. पण टंचाईमुळं घरटी दोनच कॅन मिळायचे. त्यातला एक पाच लिटरचा निळा कॅन मांडीवर घेऊन मामा रोज बसमध्ये बसायचे. कंडक्टर म्हणायचा, मामा, खेड्यातून शहराला पाणीपुरवठा सुरू केला काय? मामांना त्याचं काहीच नव्हतं. मी एकदा विचारलं, मग घरी काय पिता?

"बोअरचं. आमचं काय, आमी वाटीतलं बी पितो."

मी हसलो. लई हसलो. आता आठवलं की कसंतरी होतं.

मला वाटलं, मामांचा हा कॅन आपण बंद करायचा. मी ऑटोमॅटिक फवाऱ्याची सिस्टीम बनवली. एक छोटी टाकी, जुन्या फिल्टरचा पंप, पातळ पाइप, चार नोझल, एक टायमर. भारी झाली होती, खरंच! पानांवर धुकं उतरल्यासारखं व्हायचं. मी तिचे व्हिडिओ टाकायचो, पोरं हार्ट पाठवायची. राहिलं फक्त पाणी.

आमच्या सोसायटीत नवीन सॉफ्टनर बसवला होता. बोअरचं तेच पाणी, पण साबणाला असा फेस यायचा की आई दोनदा कपडे खंगाळायची. सॉफ्ट पाणी म्हणजे चांगलं पाणी, एवढंच माझ्या डोक्यात. सॉफ्टनर पाण्यातला जडपणा काढतो, पण त्याच्या बदल्यात मिठातलं सोडियम सोडतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पेपरात लिहिलेलंही होतं. मी स्कूटरवर दोन मोठे जार भरून नेले. खालच्या काकू म्हणाल्या, आमच्या बादल्या रिकाम्या आणि याच्या सरड्याला अंघोळी.

मामा तेव्हा पुतणीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर होते. त्यांचा फोन आला. टाकीत भरायच्या आधी थेंब वाळवून बघ, एवढंच बोलले. मी हो म्हणालो. त्या दिवशी केंद्राला देणगी देणारे पाहुणे येणार होते, मला सिस्टीम चालू दाखवायची होती. मी पाणी भरलं, बटण दाबलं, व्हिडिओ काढला.

मामा परत आले. कॅन खाली ठेवून पहिलं तेच विचारलं. थेंब बघितला का?

"बघितला मामा. एकदम साफ."

बघा, किती सोपं होतं. एक सेकंदही लागला नाही. तरी मामा स्वतः बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाही बघितलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मग झालं तर. आता तुझा थेंब तो माझा थेंब." त्या दिवसापासून त्यांनी कॅन आणणं थांबवलं. शेवटचा कॅन बंदच दारामागं ठेवला, लागला तर असू दे म्हणून.

आठवड्याभरात पानांवर पांढुरकी पुटं दिसायला लागली. शेजारी अपार्टमेंटचं काम चालू होतं, सगळे म्हणाले सिमेंटची धूळ. मीही म्हणालो. मग पानांची टोकं करपली. मग बाईचे डोळे आत गेले. रंग बदलायचं सोडून ती मातकट होऊन एका फांदीला धरून बसली. समोर फवारा चालू होता आणि ती जीभ बाहेर काढत नव्हती.

डॉक्टर मॅडम केंद्र चालवतात. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फार शांतपणे विचारलं, टाकीतलं पाणी कुणी पसंत केलं?

"मीच केलं मॅडम," मामा म्हणाले. "पोराला मीच व्हय म्हणलो."

मी बुटाच्या नाडीकडं बघत होतो. नाडी सुटलेली नव्हती. मॅडम म्हणाल्या, मामा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. कुणी काढलं नाही त्यांना, तेच आले नाहीत.

बाई वाचली. दारामागच्या कॅनवर वाचली. मी टाकी उपसली, पानं बदलली आणि हाताच्या बाटलीनं ते पाणी फवारत बसलो. तिसऱ्या दिवशी तिनं एक थेंब चाटला. कॅन संपल्यावर मी बसनं मामांच्या गावी जायला लागलो. तोवर घरटी दोनची अट उठली होती. कुणी ओळखू नये म्हणून खाली मान घालून रांगेत उभा राहायचो. मामांचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं होतं. एकदाही गेलो नाही.

दोन महिन्यांनी बाईला दौलताबादकडच्या झाडीत सोडलं. ती फांदीवर चढता चढता हिरवी झाली. मॅडम म्हणाल्या, आज मामा पाहिजे होते. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, की थेंब मी बघितलाच नव्हता, खोटं बोललो होतो. मॅडमनी तिथूनच मामांना फोन लावला, माफी मागितली, परत या म्हणाल्या. मामांनी विचारलं, बाई पाणी प्यायली का? प्यायली म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. यायचं मात्र काही बोलले नाहीत.

फोन ठेवून मॅडमनी मला विचारलं, तू खोटं बोललास हे त्यांना माहीत होतं का रे?

मी म्हणालो, नाही.

हे दुसरं खोटं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय. केबिनमध्ये जायच्या आधी मामांनी टाकीत बोट बुडवलं होतं. झाकण पुसून त्यावर थेंब सोडला होता, कट्ट्यावर उन्हात ठेवला होता. ते उकिडवे बसले, मी शेजारी उभा. ऊन कडक होतं, वेळ लागला नाही. जाड, पांढरं, गोल कडं उमटलं. मामांनी ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. अंगठ्यानं कडं पुसलं, झाकण डब्याला लावलं आणि मॅडमच्या दाराकडं चालायला लागले.

थेंब वाळला होता. मी वाट बघत होतो, आता बोलतील.

ते बोलले नाहीत. मीही नाही.