कसेबी सहा आकडे

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी गोदामांसाठी इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवायची आणि मी तिथं चाचणी विभागात इंजिनिअर होते. स्वभावानं फटकळ. साहेब म्हणायचे, पहिलं कुलूप या बाईच्या तोंडाला बसवा. मी म्हणायची, बसवा, पण नंबर माझ्याकडे राहील.

प्रत्येक कुलपाला सहा आकड्यांचा गुप्त नंबर लागायचा. तो कुणाला ओळखता येऊ नये, एवढंच त्याचं काम. कंपनीच्या कागदांत त्यासाठी 'यादृच्छिक' असा शब्द होता. तो लाइनवर कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सुपरवायझरनं सोपं करून सांगितलं होतं, "कसेबी सहा आकडे दाबा." हे कसेबी आकडे दाबायचं काम एका मावशीकडे होतं. शेंद्र्याचीच, शेतकरी घरातली, पन्नाशीची. मला मॅडम म्हणायची आणि त्याच दमात अगंतुगं करायची.

एक दिवस सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन आला. आमची बरीच कुलपं त्यांच्याकडे आधीपासून होती. आता नवं कुलूप पोचलं होतं, पण त्याच्या नंबरचं पाकीट अजून यायचं होतं.

"मॅडम, पाकीट नक्को भेजो," ते हसत म्हणाले. "दोपहर में बैठे बैठे खोल दिया मैं."

मी हे सांगितलं तेव्हा साहेबांना हसू आलं नाही. नंबर फुटला, आणि नंबर ठाऊक असणारी एकच बाई, असा त्यांनी सरळ हिशोब केला. भर लाइनवर, सगळ्यांच्या देखत त्यांनी मावशीला विचारलं, "नंबर कुणाला दिला? चोराला इथं जागा नाही. उद्यापासून येऊ नका."

मावशी रडली नाही. तिनं डबा पिशवीत घातला. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "नोकरी जाऊंदे गं मॅडम. पर चोर म्हणून गावात तोंड कसं दावू? ह्या लाइनीवर निम्म्या बाया माझ्याच गावच्या हायेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीनं नंबर फोडला नाही, याची मला खात्रीच होती. पण खात्रीवर साहेब ऐकणारे नव्हते. मी म्हटलं, "मावशी, जाताजाता माझ्यासमोर एका कुलपात नंबर भरा."

ती बसली. तिचे ओठ हलले, "लाभ." बोट मात्र हललं नाही. मग तिनं दोन दाबला. मग सावकाश चार आकडे. आणि शेवटी, ठसक्यात, एक.

मीही शेतकऱ्याचीच पोर. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. "पण मावशी, इथं लाभ कशाला?"

"मोजायचं म्हणलं की पयला लाभच येतो तोंडात. आता ह्या डबड्यावर लाभाचं बटणच नाय, मंग दोनपासून धरते."

"आणि शेवटी एक?"

"आहेर एकशे एकचा करत्यात का शंभराचा? वरचा एक नको व्हय?"

तीन ती दाबायचीच नाही, कारण तीन तिगाडा. शून्य कुणाला द्यायचं नसतं. आणि एकच आकडा दोनदा दाबला तर "तुमीच म्हणताल, मावशीला डुलकी लागली." मला इतकं हसू आलं की मावशीही, त्या अवस्थेत, हसली. पहिला दोन, शेवटचा एक, मधे चार ते नऊमधले चार वेगळे आकडे. दहा लाख नंबर निघू शकतात अशा कुलपाचे आमच्याकडे तीनशे साठच उरले होते. जुने नंबर समोर असलेल्या मुनीमजींना एक दुपार भरपूर झाली.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, सहा आकडे लिहा. कसेबी. मी न बघता सांगते, एकही आकडा दोनदा येणार नाही आणि शून्य नसेल."

त्यांनी चिडून लिहिलं. सात, दोन, नऊ, चार, आठ, पाच. मग एकेका आकड्यावर बोट ठेवून त्यांनी स्वतःच तपासलं.

"खरोखर कसेबी सहा आकडे घेतले, तर बहुतेक वेळा एखादा पुन्हा येतोच," मी म्हटलं. "माणसाला कसंबी वागता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, मावशीला नाही. नंबर कुणी फोडला नाही. माणसाकडून तो मागितला, तिथंच चुकलं."

मग नंबर आणायचा कुठून, तेही मी सांगितलं. रेडिओवर स्टेशन सुटलं की खरखर येते, तशी बारीक खरखर छोट्याशा डायोडमधूनही काढता येते. ती मोजायची, गाळून घ्यायची, तिचे आकडे करायचे. तिला ना खळं माहीत, ना आहेर. ते सर्किट पुढं मीच बनवलं आणि चांगलं बनवलं. सांगायला लाजत नाही.

साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, गैरसमज झाला. चूक आमची होती. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून पॅकिंगला या."

मावशी खुर्चीत बसली नव्हतीच. "येते की," ती म्हणाली. "पर साहेब, चोर म्हणलं तवा समद्या लाइनीनं ऐकलं. चूक आमची, हे मी एकलीनं ऐकून काय करू?"

तिनं स्वतःच दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी, आयुष्यात पहिल्यांदाच, एक शब्द बोलले नाही. ते उठले, लाइनवर गेले, मशीन थांबवायला लावलं आणि बोलले.

"मोठ्यानं बोला," मावशी म्हणाली. "मागच्या बायांना ऐकू नाय गेलं."